बॉड, बँडविड्थ, ग्राउंड : नेमका अर्थ काय आणि चुकला तर काय बिघडतं?

तारयंत्र
इलेक्ट्रॉनिक्स आणि विदा-संदेशवहन (डेटा कम्युनिकेशन) नव्याने शिकणाऱ्यांसाठी एका पानात मावेल असा तक्ता करायला घेतला आहे. पाठ करायच्या व्याख्या ढिगाने मिळतात, त्या नकोत. ज्यांचा अर्थ चुकला की तार भलत्याच जागी जाते किंवा गणित फसतं, तेवढेच शब्द घ्यायचे आहेत. शब्द, अर्थ, एकक आणि चूक झाल्यावर काय दिसतं, असे चार रकाने.

पहिल्या तीन नोंदी अशा केल्यात:
बॉड : सेकंदाला जाणारे बिट. सीरियल पोर्टवर ९६०० बॉड म्हणजे ९६०० बिटच, तेव्हा नवख्यांसाठी दोन्ही एकच धरायला हरकत नसावी.
बँडविड्थ : जोडणीचा वेग.
ग्राउंड : शून्य व्होल्ट.

काय बदलू, काय वाढवू? आणि मराठी प्रतिशब्द द्यावेत का?

शून्यएक
तिन्ही नोंदी दुरुस्त कराव्या लागतील. मी बॉड घेतो, बाकीच्या दोघांवर लोक तुटून पडतीलच.

बॉड म्हणजे तारेवरची स्थिती सेकंदाला किती वेळा बदलता येते तो आकडा. त्या एका स्थितीला सिम्बॉल म्हणतात. एका सिम्बॉलमध्ये एकच बिट बसवला तर बॉड आणि बिट रेट सारखे, एरवी नाही. टेलिफोन मोडेमचं व्ही.२२बिस हे मानक ६०० बॉडचं, पण दर सिम्बॉलला ४ बिट, म्हणून सेकंदाला २४०० बिट. व्ही.३२ मध्ये २४०० बॉडवर ९६०० बिट.

उलटंही होतं. १०० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये दर ४ बिटांचे ५ करून पाठवतात, म्हणून तारेवर १२५ मेगाबॉड असतात. त्याआधीच्या १० मेगाबिटमध्ये मँचेस्टर कोडिंग, दर बिटाला दोन स्थिती, म्हणजे २० मेगाबॉड. गिगाबिटमध्ये पुन्हा १२५ मेगाबॉडच, फक्त चार जोड्या आणि दर जोडीवर सिम्बॉलमागे २ बिट: १२५ × ४ × २ = १०००. शंभर मेगाबिटसाठी टाकलेली कॅट-५ई केबल गिगाबिटलाही पुरते ती यामुळेच. केबलला बॉड सोसावे लागतात, बिट नाहीत.

खडखडाट
तक्त्यात 'बॉड रेट' लिहू नका म्हणजे झालं. बॉडमध्येच 'प्रतिसेकंद' आहे. बॉड रेट म्हणजे पिवळं पीतांबर.

तांबडपट्टी
खडखडाट, मग 'एलसीडी डिस्प्ले'चं काय करायचं?

खडखडाट
तेही गायीचं गोमूत्रच.

काठावरचा बिट
शून्यएक यांचं बरोबर आहे, पण सीरियल पोर्टवरही 'एकच धरा' म्हणून भागत नाही. ९६०० बॉडवर सेकंदाला किती बाइट जातात ते नवख्याला विचारा. तो ९६०० ला ८ ने भागून १२०० सांगेल. उत्तर ९६० आहे. नेहमीच्या ८-एन-१ मांडणीत दर बाइटमागे १ स्टार्ट बिट, ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट, असे १० बिट तारेवर जातात. म्हणून १,१५,२०० ला ११,५२० बाइट. लॉगर (नोंदी पाठवणारं यंत्र) दर सेकंदाला १,००० बाइट ओततोय आणि पोर्ट ९६०० वर आहे, तर बफर (तात्पुरती साठवण) भरत भरत जाऊन काही वेळाने अक्षरं गळायला लागतात. सुरुवातीला सगळं सुरळीत दिसतं, त्यामुळे दोष भलतीकडेच शोधला जातो.

एका बिटाचा काळही तक्त्यात द्या: ९६०० ला १०४.१७ मायक्रोसेकंद, १,१५,२०० ला ८.६८ मायक्रोसेकंद. ऑसिलोस्कोपवर सर्वांत अरुंद पल्स मोजला की समोरचा किती बॉडवर बोलतोय ते कळतं.

अर्धवट ओहम
ऑसिलोस्कोप नसेल तर? साध्या मल्टिमीटरने कळेल का?

काठावरचा बिट
मीटरला वारंवारतेची रेंज असेल तर कळेल. कॅपिटल 'यू' हे अक्षर सलग, मध्ये खंड न पाडता पाठवत राहा. त्याचा आस्की कोड हेक्स ५५, म्हणजे ०१०१०१०१. खालचा बिट आधी जातो, आधी शून्याचा स्टार्ट, शेवटी एकचा स्टॉप, त्यामुळे तारेवर एक-शून्य-एक-शून्य अशी स्वच्छ चौकोनी लहर तयार होते. दोन बिटांचं एक आवर्तन, म्हणून ९६०० बॉडला मीटरवर ४८०० हर्ट्झ दिसायला हवेत.

५२०८ हर्ट्झ दिसले तर समजा की ८०५१ मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर ११.०५९२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलऐवजी १२ चा बसवला आहे. टायमरमध्ये हेक्स एफडी भरलं की ११.०५९२ मेगाहर्ट्झ ÷ (३८४ × ३) = नेमके ९६०० येतात. १२ मेगाहर्ट्झला येतात १०,४१७, म्हणजे साडेआठ टक्के जास्त.

अर्धवट ओहम
साडेआठ टक्क्यांनी एवढं काय बिघडतं? रेझिस्टर ५ टक्क्यांचे वापरतोच की आपण.

काठावरचा बिट
रेझिस्टरची चूक जागच्या जागी राहते, इथे ती साचत जाते. रिसीव्हर स्टार्ट बिटाच्या उतरत्या काठावर घड्याळ जुळवतो आणि तिथून पुढे प्रत्येक बिटाच्या मध्यावर डोकावतो. स्टॉप बिटाचा मध्य साडेनऊ बिटांवर येतो. अर्ध्या बिटाहून जास्त सरकायची मुभा नाही, म्हणजे ०.५ ÷ ९.५, सव्वापाच टक्के. ही दोन्ही बाजूंची मिळून. शिवाय रिसीव्हर दर बिटाला १६ वेळाच तार तपासतो (१६ पट सॅम्पलिंग), त्यामुळे स्टार्टचा काठच एक-षोडशांश बिटापर्यंत उशिरा सापडतो. म्हणून व्यवहारात दर बाजूला २ टक्के धरतात.

आता पाठवणारा साडेआठ टक्के वेगात आहे आणि 'ए' हे अक्षर पाठवतोय, हेक्स ४१. पहिले पाच डेटा बिट जेमतेम ठीक वाचले जातात, पाचवा तर पार काठावर. सहाव्याच्या जागी सातवा वाचला जातो, सातव्याच्या जागी आठवा, आणि आठव्याच्या जागी स्टॉप बिट, जो नेहमी १ असतो. हाती पडतं हेक्स ए१. दोन अक्षरांत मोकळी जागा असेल तर फ्रेमिंग एररसुद्धा (स्टॉपच्या जागी ० सापडल्याची खूण) लागत नाही, कारण पुढे तार निवांत १ वरच उभी असते. अक्षरं सलग आली की मात्र स्टॉपच्या जागी पुढचा स्टार्ट बिट सापडतो आणि एरर लागते. 'एकेक अक्षर टाइप केलं तर एरर येत नाही, फाइल पाठवली की येते' ही तक्रार बहुतेकदा इथली.

शून्यएक
सुरेख. भर घालतो: १६ मेगाहर्ट्झवरच्या अ‍ॅटमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरला १,१५,२०० नेमके जमत नाहीत. साध्या मोडमध्ये १,११,१११ येतात, उणे ३.५ टक्के. दुप्पट गतीचा बिट लावला की १,१७,६४७, अधिक २.१ टक्के. समोरचा नेमका असेल तर हे दुसरं चालून जातं. दोन्हीकडे तोच चिप आणि तीच सेटिंग असेल तर चूक दोन्हीकडे सारखीच, म्हणून काहीच जाणवत नाही. एकाच्या जागी दुसरं यंत्र जोडलं की मग 'नवीन यंत्र खराब आहे' असा निकाल लागतो.

पुलअप गायब
प्रतिसाद काढून टाकला आहे.
(चुकून दोनदा पडला.)

पुलअप गायब
तक्त्यात 'सीरियल' हा शब्द एकटा येऊ देऊ नका. टीटीएल, आरएस-२३२ आणि आरएस-४८५ या तिघांनाही लोक सीरियल म्हणतात. बिटांची मांडणी तिन्हींकडे तीच असू शकते. तारेवरचे व्होल्ट वेगळे.

टीटीएल पातळीवर निवांत तार ५ किंवा ३.३ व्होल्टवर असते. आरएस-२३२ मध्ये उलटं: रिसीव्हरपाशी १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट, ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. मधला पट्टा अनिश्चित. आरएस-२३२ ची तार थेट मायक्रोकंट्रोलरच्या पायाला लावली तर सगळे बिट उलटे वाचले जातात, ही झाली सौम्य शिक्षा. बारा व्होल्टने पाय जळाला तर ती कडक शिक्षा. मध्ये मॅक्स२३२ हा पातळी बदलणारा चिप हवा आणि त्याला १ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर. मॅक्स३२३२ ला ०.१ मायक्रोफॅरड पुरतात आणि तो ३.३ व्होल्टवरही चालतो. कपॅसिटर उलटे बसवले किंवा एखादा राहून गेला तर आउटपुट उणे बाजूला जातच नाही.

ओळखायची सोपी रीत: दोन्ही यंत्रं चालू ठेवून, काहीही पाठवत नसताना, टीएक्सची (पाठवायची) तार आणि ग्राउंड यांमध्ये डीसी व्होल्ट मोजा. उणे ५ ते उणे १२ दिसलं तर आरएस-२३२. अधिक ३.३ किंवा ५ दिसलं तर टीटीएल. शून्याच्या आसपास घुटमळत असेल तर ती तार बहुधा टीएक्स नाहीच, आरएक्स (ऐकायची) आहे.

तांबडपट्टी
आणि टीएक्स कुणाचा टीएक्स, हे लिहा. आरएस-२३२ मध्ये पायांची नावं डीटीईच्या, म्हणजे संगणक किंवा टर्मिनलच्या, बाजूने दिलेली आहेत. ९ पायांच्या कनेक्टरवर डीटीई ३ नंबरवर बोलतो, २ वर ऐकतो, ५ ग्राउंड. मोडेमसारखं यंत्र डीसीई. त्याच्याही ३ नंबरला टीएक्सच म्हणतात, पण तिथे ते ऐकतं. म्हणून डीटीई ते डीसीई सरळ केबल, डीटीई ते डीटीई २-३ उलटसुलट केलेली, जिला नल मोडेम म्हणतात. त्यातही मेख अशी की २५ पायांच्या कनेक्टरवर २ नंबर टीएक्स आणि ३ नंबर आरएक्स, ग्राउंड ७. नऊवरून पंचविसावर जाताना 'दोनाला दोन, तिनाला तीन' जोडलं की उलटापालट झालीच.

ज्याला सगळे डीबी-९ म्हणतात त्या ९ पायांच्या कनेक्टरचं खरं नाव डीई-९. डीबी हे पंचविसाच्या कवचाचं नाव. पण दुकानात डीई-९ मागितलंत तर मिळणार नाही, हेही रकान्यात घाला.

अर्धवट ओहम
४८५ मध्ये तर ए आणि बी एवढंच लिहिलेलं असतं. तिथे तरी गोंधळ नसेल.

खडखडाट
😂

पुलअप गायब
अर्धवट ओहम, तुम्ही नेमक्या खड्ड्यात पाय घातलात. मानकानुसार तार निवांत असताना, म्हणजे १ ला, ए ही बीपेक्षा ऋण असते. बऱ्याच चिप बनवणाऱ्यांनी ए म्हणजे धन बाजू असं छापलं. परिणामी दोन वेगळ्या बनावटींची यंत्रं ए ला ए जोडून उलटी लागतात. उलट्या जोडणीने काही जळत नाही. तारा अदलाबदल करून बघा, चाललं तर तेच बरोबर. नवीन आरेखन करताना ए-बीऐवजी धन-ऋण छापा.

४८५ मधले आणखी दोन शब्द तक्त्यात हवेत.

पहिला टर्मिनेशन, म्हणजे टोकाला लावलेला रोध. बसच्या (सगळ्या यंत्रांना जोडणाऱ्या सामायिक तारांच्या) फक्त दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहम, मधल्या यंत्रांवर नाही. तपासणी अशी: सगळ्यांचा वीजपुरवठा बंद करून ए आणि बी यांमध्ये ओहम मोजा. ६० च्या आसपास आलं तर दोन्ही टोकं जागेवर. १२० आलं तर एक गायब. ४० आलं तर मध्ये कुणीतरी तिसरा जंपर लावून ठेवलाय. लांब केबल असेल तर तारेचा स्वतःचा रोध थोडा मिसळतो, ते ध्यानात ठेवा.

दुसरा हाफ-डुप्लेक्स. दोन तारांच्या ४८५ मध्ये एका वेळी एकानेच बोलायचं असतं. बोलून झालं की ड्रायव्हर (तार चालवणारा भाग) बंद करून लाइन सोडायची. इथे 'बफर रिकामा झाला' आणि 'पाठवून संपलं' या दोन फ्लॅगांत गफलत होते. बफर रिकामा होतो तेव्हा शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरमध्ये असतो, तारेवर जायचा बाकी. तेव्हाच ड्रायव्हर बंद केला तर प्रत्येक संदेशाचा शेवटचा बाइट तुटतो, आणि मॉडबससारख्या प्रोटोकॉलमध्ये शेवटचे दोन बाइट सीआरसीचे (चूक तपासायचे) असल्याने सगळीच फ्रेम फेकली जाते. एव्हीआर मायक्रोकंट्रोलरमध्ये यूडीआरई नव्हे, टीएक्ससी बघायचा. एसटीएम३२ मध्ये टीएक्सई नव्हे, टीसी.

काठावरचा बिट
बायसिंगही (निवांत तारा ठरलेल्या पातळीवर धरून ठेवणं) घाला. कुणीच बोलत नसताना ६० ओहमच्या त्या जोडीवर जवळपास शून्य व्होल्ट राहतात, आणि रिसीव्हरची हमी फक्त अधिक-उणे २०० मिलिव्होल्टच्या पलीकडे. मध्ये तो गोंगाटालाच स्टार्ट बिट समजतो आणि प्रत्येक संदेशाच्या आधी एखादा भुताटकीचा बाइट येतो. एका तारेला ५ व्होल्टकडे ६८० ओहम, दुसरीला ग्राउंडकडे ६८० ओहम लावले की ५ × ६० ÷ १४२० = २११ मिलिव्होल्ट मिळतात. बसवर एकाच ठिकाणी लावायचं. हल्लीच्या बऱ्याच चिपमध्ये उंबरठाच शून्याखाली सरकवलेला असतो, तिथे याची गरज पडत नाही. डेटाशीटमध्ये 'फेल-सेफ' लिहिलंय का ते बघा.

पृथ्वीतत्त्व
ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट, हे वाक्य अर्धंच आहे. शून्य कुणाच्या हिशोबाने? व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमधलं. ग्राउंड म्हणजे आपण मोजमापासाठी शून्य ठरवलेला बिंदू. एका चिन्हाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडतात: सिग्नल कॉमन, यंत्राचं धातूचं कवच आणि जमिनीत गेलेली अर्थिंग. चिन्हंसुद्धा तीन वेगळी आहेत, पण आकृत्यांमध्ये सर्रास एकच काढतात.

'४८५ डिफरन्शियल आहे, दोन तारा पुरेत' हा समज यातूनच येतो. रिसीव्हर फरक वाचतो हे खरं, पण दोन्ही तारा त्याच्या स्वतःच्या ग्राउंडच्या हिशोबाने उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत असाव्या लागतात. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये त्याहून जास्त फरक पडला की चिप आधी चुकीचं वाचते, मग मरते. म्हणून तिसरी तार कॉमनची टाका, दोन्ही टोकांना १०० ओहममधून जोडा म्हणजे त्यातून फिरणारा प्रवाह आवरता राहील. अंतर मोठं असेल तर आयसोलेटेड ट्रान्सीव्हरच (दोन्ही बाजू विजेने अलग ठेवणारा) घ्या. इथरनेटला हा त्रास का होत नाही? कारण तिथे प्रत्येक जोडीवर ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो.

आणि न्यूट्रलला कुणीही ग्राउंड म्हणू नये. न्यूट्रलमधून प्रवाह वाहतो. अर्थमधून फक्त बिघाड झाल्यावर वाहायला हवा.

तारयंत्र
ग्राउंडची नोंद पूर्ण बदलतो. काठावरचा बिट, हेक्स ए१ चं उदाहरण जसंच्या तसं घेऊ का? बँडविड्थवर अजून कुणी तुटून पडलं नाही.

लहरी राजा
आलोच.

बँडविड्थ मुळात हर्ट्झमध्ये मोजतात: वरची वारंवारता वजा खालची. टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ, बँडविड्थ ३१०० हर्ट्झ. त्यातून किती बिट काढायचे ते गोंगाटावर ठरतं. क्लॉड शॅननचं १९४८ चं सूत्र: क्षमता = बँडविड्थ × (१ + सिग्नल भागिले गोंगाट) चा दोन पायाचा लॉग. सिग्नल गोंगाटाच्या १००० पट, म्हणजे ३० डेसिबल असेल, तर ३१०० × ९.९७, सुमारे ३०,९०० बिट प्रतिसेकंद. व्ही.३४ मोडेम ३३,६०० पर्यंत जायचे, पण लाइन याहून स्वच्छ आणि पट्टा थोडा रुंद असेल तरच. लाइन जरा खरखरली की २८,८०० किंवा त्याखाली उतरायचे. मोडेमची खोडी नव्हती ती, सूत्राची मर्यादा होती.

हा भेद आजही कामाला येतो. वायफायवर २० मेगाहर्ट्झऐवजी ४० चा चॅनल निवडला म्हणजे बँडविड्थ दुप्पट केली. वेग दुप्पट होईलच असं नाही, कारण पट्टा दुप्पट झाला की गोंगाटही दुप्पट आत येतो, ३ डेसिबलने.

नेटकरी
लहरी राजा, शास्त्र मान्य. पण नेटवर्कवाले गेली कित्येक वर्षं बँडविड्थ बिट प्रतिसेकंदात सांगतात, राउटरच्या सेटिंगमध्येही तसंच लिहिलेलं असतं. तो अर्थ आता चुकीचा म्हणता येणार नाही. तक्त्यात दोन्ही द्या, एकक बघून अर्थ लावायला सांगा.

खरा घोळ थ्रूपुटचा, म्हणजे प्रत्यक्ष हाती पडणाऱ्या वेगाचा. '१०० मेगाबिटची लाइन आहे, फाइल १०० मेगाबाइटने का उतरत नाही?' आधी ८ ने भागा: १२.५ मेगाबाइट. मग वेष्टनं वजा करा. इथरनेटच्या पूर्ण फ्रेमला तारेवर १५३८ बाइटांची जागा लागते: फ्रेम १५१८, आधीचा प्रीअँबल ८, नंतरची मोकळी जागा १२. त्यात टीसीपीचा खरा माल १४६० बाइट. १४६० ÷ १५३८ = ९४.९ टक्के. म्हणजे ११.८७ मेगाबाइट प्रतिसेकंद ही कमाल मर्यादा. ११ च्या वर दिसत असेल तर तक्रार करायला जागा नाही.

तांबडपट्टी
आणि डाउनलोड दाखवणारा प्रोग्रॅम १०२४ ने भागत असेल तर तेच ११.३ दिसतं. किलो म्हणजे १०००, १०२४ साठी किबी, हे आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेने १९९८ मध्ये ठरवलं. लाइनचे वेग कायम १००० च्या पटीत. मेमरी १०२४ च्या. १ टेराबाइटची डिस्क १०२४ ने भागणाऱ्या संगणकावर ९३१ जीबी दिसते तीही यामुळेच, चोरी झालेली नसते.

अर्धवट ओहम
डेसिबल आला आहे तर विचारतो. डीबी आणि डीबीएम एकच ना? ट्रान्समीटर २० डीबीएम, अँटेना ५ डीबी, मिळून २५. बेरीज तर होते.

लहरी राजा
ही बेरीज बरोबर आहे, पण दोन्ही शब्द एक नाहीत. डीबी हे गुणोत्तर: किती पट. डीबीएम ही शक्ती: १ मिलिवॅटच्या किती पट. ० डीबीएम = १ मिलिवॅट, २० डीबीएम = १०० मिलिवॅट, उणे ३० डीबीएम = १ मायक्रोवॅट. डीबीएममध्ये डीबी मिळवता येतात. डीबीएममध्ये डीबीएम नाही. २० डीबीएमचे दोन ट्रान्समीटर एकत्र केले तर ४० होत नाहीत, २३ होतात. ४० डीबीएम म्हणजे १० वॅट. २०० मिलिवॅटमधून १० वॅट निघाले असते तर काय हवं होतं!

आणि दुप्पट शक्ती म्हणजे ३ डीबी, दुप्पट व्होल्टेज म्हणजे ६ डीबी.

अर्धवट ओहम
दंडवत. आता शेवटचं: ५० ओहमच्या कोअ‍ॅक्स केबलला मीटर लावला तर ५० का दाखवत नाही? एक टोक मोकळं ठेवलं तर अनंत, शॉर्ट केलं तर शून्य.

काठावरचा बिट
कारण तो रोध नाही, लाक्षणिक इंपीडन्स आहे: केबलचं दर मीटरमागचं इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ. लांबी कितीही असो, तोच. केबलमध्ये नुकत्याच शिरलेल्या लहरीला 'पुढे ५० ओहम आहेत' असं भासतं, कारण दुसऱ्या टोकाला काय आहे हे तिला अजून कळलेलं नसतं. मीटर निवांत मोजतो, तोवर लहर शंभरदा जाऊन परत आलेली असते.

यातून खूप उपयोगी हिशोब निघतो. आरजी-५८ या ५० ओहमच्या केबलमध्ये लहरीला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. सिग्नलचा चढ १० नॅनोसेकंदांचा असेल तर १ मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन तेवढाच वेळ होतो. त्याहून लांब केबल म्हणजे 'लांब', आणि टोकाला टर्मिनेशन नसेल तर परतलेली लहर काठावर डोलताना दिसते. यात बॉड कुठेच आले नाहीत, ते बघा. सेकंदाला एकच पल्स पाठवलात तरी काठ तेवढाच तीक्ष्ण असेल तर तीच डोकेदुखी. 'वेग कमी केला तरी चुका जात नाहीत' असं झालं की काठ बघा.

नेटकरी
इंपीडन्सवरून: कंटिन्युइटी (तार टोकापासून टोकापर्यंत अखंड असणं) आणि जोडी हे दोन शब्द तक्त्यात शेजारी शेजारी हवेत. नेटवर्क केबलला टोक लावताना काही जण रंग ओळीने लावतात: नारिंगी जोडी १-२, हिरवी ३-४, निळी ५-६, तपकिरी ७-८. दोन्ही टोकांना सारखंच. दिव्यांचा स्वस्त टेस्टर आठही दिवे क्रमाने लावून पास करतो. पण यंत्र जोडी म्हणून १-२, ३-६, ४-५, ७-८ वापरतं. म्हणजे ३ वर हिरव्या जोडीची एक तार आणि ६ वर निळ्या जोडीची. दोघी वेगवेगळ्या पिळात. पीळच नाही तर गोंगाट कटणार कसा? याला स्प्लिट पेअर म्हणतात. १० मेगाबिटवर चालतं, १०० वर अडखळतं, केबल जितकी लांब तितकं जास्त. टोक लावायच्या टी५६८बी या मानकाचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही.

पुलअप गायब
माझ्या नावाला जागून एक नोंद: ओपन-ड्रेन. अशा पायाला फक्त खाली ओढता येतं, वर नाही. वर न्यायला पुलअप रेझिस्टर लागतो. आय-टू-सी बसवर (चिप एकमेकांना जोडायच्या दोन तारा) तो विसरला की बस कायम शून्यावर किंवा तरंगत. 'तरंगणं' म्हणजे शून्य नव्हे. बोट जवळ नेलं तरी वाचन बदलतं.

किंमत 'सगळे ४.७ किलो-ओहम लावतात' म्हणून लावू नका. चढायचा वेळ = ०.८४७ × रोध × बसचा कपॅसिटन्स. १०० किलोहर्ट्झला १००० नॅनोसेकंदांची मुभा, ४०० किलोहर्ट्झला ३००. ४.७ किलो-ओहमवर ४०० किलोहर्ट्झ चालवायचं तर बसवर फक्त ७५ पिकोफॅरड चालतात, दोन-तीन मॉड्यूल आणि हातभर तारा जोडल्या की संपले. खालची मर्यादाही आहे: ५ व्होल्टला (५ − ०.४) ÷ ३ मिलिअँपिअर, म्हणजे १.५३ किलो-ओहम. त्याखाली गेलात तर चिपला बस नीट खाली ओढता येत नाही. आणि बहुतेक तयार मॉड्यूलवर स्वतःचा पुलअप असतो. ४.७ चे चार समांतर झाले की १.१७ झालेच.

पृथ्वीतत्त्व
मराठी शब्दांचा प्रश्न तसाच राहिला. माझं मत : जिथे मराठी शब्द एकच अर्थ देतो तिथे तो जरूर वापरा. वारंवारता, रोध, प्रवाह, विदा उत्तम आहेत. पण 'भार' बघा. विद्युतभार म्हणजे चार्ज, आणि नुसता भार म्हणजे लोड. 'भार वाढला' याचे दोन अर्थ. 'वाहक'चंही तेच: तांब्याची तार वाहक, आणि रेडिओची कॅरियर लहरही वाहक. 'वाहक तुटला' असं वाचून एकजण केबल उकरायला जाईल, दुसरा अँटेना बघायला.

खडखडाट
तिसरा एसटीच्या कंडक्टरला शोधायला.

लहरी राजा
सहमत. 'शक्ती, ऊर्जा, क्षमता' यांतही तसंच होतं. वरती मीच शॅननच्या सूत्रात 'क्षमता' लिहिलंय, त्याच शब्दाने लोक बॅटरीचे अँपिअर-तासही सांगतात. एकक जोडीला असेल तर मात्र शब्द कुठलाही चालतो.

तारयंत्र
सगळ्यांचे प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवले. एककाचा रकाना शब्दाच्या लगेच पुढे आणतो, आणि 'कशाने मोजायचं' असा पाचवा वाढवतो. बॉडची सुधारित नोंद:

बॉड : तारेवरची स्थिती सेकंदाला किती वेळा बदलू शकते. एकक बॉड. मोजायला: कॅपिटल 'यू' सलग पाठवून आलेली वारंवारता दुप्पट करा. चुकलं तर: हेक्स ४१ च्या जागी ए१.

टर्मिनेशन : टोकाला केबलच्या इंपीडन्सइतका रोध. एकक ओहम. मोजायला: ४८५ च्या ए-बी मध्ये मीटर, ६० यायला हवेत.

पुलअप गायब
दुसऱ्या नोंदीत 'सगळ्यांचा पुरवठा बंद करून' हे राहिलं. चालू बसवर ओहमची रेंज लावली तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही, आणि बायसिंगमुळे तो उणेही दिसू शकतो.

शून्यएक
पहिल्यात 'यू' ८-एन-१ मध्ये पाठवा असं लिहा. पॅरिटी चालू असेल तर इव्हन पॅरिटीचा बिट ० येतो, आधीचा बिटही ०, लहर तिथे लांबते आणि मीटर ४८०० च्या खाली दाखवतो.